देवरुखच्या मावशी : पार्वतीबाई आठवले

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप चिटणीसबाईंनी दोनदा पाठविला. विषय त्यांनी माझ्यावरच सोपविला. फक्त पाककृती आणि प्रवासवर्णने पुरेशी जमली आहेत, एवढे सुचविले. तेव्हा मनात आले की, आपल्या या देवरुख गावची एक लेक, जी पुढे एका मोठ्या संस्थेचा आधार झाली आणि नात्याने कर्व्यांच्या मुलांची मावशी होती, तिची हकीकत आपल्या भगिनींपुढे ठेवावी. पार्वतीबाई आठवले हे नाव पुण्याच्या बाजूला अजून आदराने घेतले जाते. आपल्या गावात मात्र नव्या मुलींना ते फारसे ठाऊक नाही. म्हणून हा खटाटोप.

परंतु पार्वतीबाईंकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. ती सांगितल्यावाचून त्यांनी काय केले याचे मोल नीट कळावयाचे नाही.

जुन्या कोकणात घरटी एक आत्या नाहीतर मावशी असे. लहानपणी लग्न झालेले, लहानपणीच नवरा गेलेला आणि सासरी जागा नाही म्हणून भावाच्या किंवा बहिणीच्या आश्रयाला आलेली. आमच्याही घरी अशी एक आत्या होती. माझ्या वडिलांची ती थोरली बहीण. चौदाव्या वर्षी तिचे कुंकू गेले, त्या वर्षी ती माहेरी आली आणि १९८१ साली देवाघरी जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, त्याच घरात राहिली. पहाटे विहिरीवर पहिला रहाट तिचा. उन्हाळ्यात आमसुले, आंबोशी आणि फणसाची साठे वाळत घालण्याचे काम तिचे. गाय विणार कधी हे कास पाहून सांगणारी ती. आळीतल्या निम्म्याअधिक बाळंतिणींना शेकशेगडी तिने दिली आणि आम्हां पाचही भावंडांना पहिली आंघोळ तिच्याच पायांवर घडली. ताप आला की आम्ही आईला नव्हे, आत्याला हाक मारीत असू. तिच्या हाताला कुळथाच्या पिठीचा आणि चुलीतल्या राखेचा वास येई. तो वास आला की अर्धा ताप उतरे.

अशी ही आत्या. आणि चैत्रातले हळदीकुंकू आले की काय होई ते पाहा. आदल्या रात्री हरभऱ्याची डाळ भिजत घालणार ती, पहाटे कैरी किसून डाळ वाटणार ती, पन्ह्यात गूळ किती आणि वेलदोडा किती हे ठरविणार ती, गौरीपुढची आरास मांडणार ती. पण संध्याकाळी बायका येऊ लागल्या की आत्या मागल्या पडवीत जाऊन बसे. तिला तसे कोणी सांगत नसे. सांगावे लागतच नसे. एका चैत्रात मी, असेन सहासात वर्षांची, डाळीची वाटी घेऊन पडवीत गेले. तिने वाटी हातात घेतली, चव पाहिली आणि म्हणाली, "मीठ कमी झालंय गो. तुझ्या आयशीला सांग, पुढच्या बायकांना वरून घाल म्हणावं." स्वतःला बोलावले नाही याचे तिच्या तोंडावर काही नव्हते. डाळ बिघडू नये एवढीच तिची काळजी.

आपल्या समाजाने या बायकांना वाईट वागविले, एवढे म्हणून भागत नाही. कायदाही त्यांच्या बाजूला नव्हता. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण पुन्हा लग्न करणारीला पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागे. ज्या लग्न करीत नसत त्यांना एकत्र कुटुंबात अन्नवस्त्राचा हक्क असे; वाटणी नसे. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात मुलाइतका भाग मिळाला, तोही तहहयात उपभोगापुरता. आणि त्यापूर्वी जिचा नवरा गेला तिला तो लागू नव्हता. पुरी मालकी आली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. आमच्या आत्यासारख्या बायकांना यांतले काहीच वेळेवर लाभले नाही. सातबाराच्या उताऱ्यावर तिचे नाव कधी आले नाही. ते आले रेशनकार्डावर आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदारांच्या यादीवर. मत देऊन आली त्या दिवशी तिने दोनदा सांगितले, "माझं नाव वाचून दाखवलंन हो त्या मास्तरांनी. अख्खं नाव."

आता पार्वतीबाईंकडे येऊ.

त्यांचा जन्म १८७० साली याच देवरुखात, जोशी यांच्या घरी झाला. माहेरचे नाव कृष्णा. थोरल्या बहिणीचे नाव गोदूबाई. गोदूबाईंचे लग्न लहानपणी झाले आणि अवघ्या काही महिन्यांत त्यांना वैधव्य आले. कृष्णाचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या पार्वतीबाई आठवले झाल्या आणि विसाव्या वर्षी, पदरी एक लहान मुलगा असता, त्यांनाही वैधव्य आले. एका घरच्या दोन मुली आणि दोघींच्याही कपाळी तेच. केशवपन झाले, लाल आलवण आले, माहेरचे स्वयंपाकघर आले. देवरुखातल्या त्या घरात आणखी एक आत्या, आणखी एक मावशी तयार झाली. गोष्ट इथेच संपावयाची, कारण शेकडो घरांत ती इथेच संपली.

ती संपली नाही, याचे पहिले श्रेय थोरल्या बहिणीचे. त्यांचे बंधू मुंबईत असत आणि धोंडो केशव कर्वे हे त्यांचे स्नेही. देवरुखाहून मुंबई म्हणजे त्या काळी खाडीपर्यंत पायी किंवा गाडीने आणि पुढे मचवा व आगबोट. त्या वाटेने गोदूबाई मुंबईस गेल्या. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले, त्यात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे आपल्या देवरुखच्या गोदूबाई. पुढे शारदासदन पुण्यास गेले. १८९३ साली कर्व्यांनी, त्यांची पहिली पत्नी वारल्यानंतर, गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई झाल्या. सारे त्यांना बाया म्हणत. या लग्नापायी कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपल्याकडील घरांतही काय कुजबुज झाली असेल, याची कल्पना वाचक भगिनींनी करावी.

अशा बहिणीच्या घरी पुण्यास जाऊन राहावयाचे, हे पार्वतीबाईंना सोपे नव्हते. त्या जुन्या वळणात वाढलेल्या. बहिणीने धरलेला पुनर्विवाहाचा मार्ग त्यांनी स्वतःसाठी कधी धरला नाही. पण मुलाला शिकवावयाचे होते आणि स्वतःलाही काही शिकावयाचे होते. त्या पुण्यास गेल्या. पंचविशी उलटलेली, डोईवर पदर, समोर पाटी आणि शेजारी वयाने निम्म्या मुली. आज आपल्या मंडळात साठीच्या भगिनी मोबाईल शिकावयास बसतात तेव्हा हसू येते खरे, पण मला पार्वतीबाईंची पाटी आठवते.

१८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. पुण्यात प्लेगाने हाहाकार उडाला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले आणि १९०० साली आश्रम तेथे एका झोपडीत गेला. भोवती रान, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, पुणे चार मैल दूर. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून संध्याकाळी पायी यावयाचे. परंतु दिवसा त्या झोपडीत कोण असे? मुलींची वेणीफणी, आजारपण, भाकरी, भांडणे, रात्री कंदील घेऊन फिरणे हे कोणी पाहिले? पार्वतीबाई, वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर अशा बायकांनी. त्या साऱ्या जणी घरोघरच्या आत्या आणि मावश्याच होत्या. ज्यांना घरात जागा नव्हती त्यांनी दुसऱ्या बिनजागेच्या मुलींसाठी घर मांडले.

संस्थांचे इतिहास आपण वाचतो तेव्हा त्यांत संस्थापकांची नावे असतात, देणगीदारांची असतात, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचीही असतात. चूल कोणी पेटविली हे क्वचित असते. मी काही कर्व्यांचे मोठेपण कमी करीत नाही. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि शंभरी ओलांडून चार वर्षे ते जगले, हे सारे जग जाणते. पण स्वतः कर्वे आश्रमाच्या उभारणीत पार्वतीबाईंचा वाटा मानीत असत, हे आपण देवरुखकर भगिनींनी तरी विसरता कामा नये.

कारण पार्वतीबाईंनी पुढे जे काम पत्करले ते चुलीपेक्षा अवघड होते. ते म्हणजे पैसे मागणे. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी मंडळाच्या वर्गणीसाठी पावतीपुस्तक घेऊन दारे ठोठावली आहेत, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ओळखीच्या दारीही जीभ अडखळते. पार्वतीबाई तर गावोगाव, पुढे प्रांतोप्रांती हिंडल्या. ज्या बाईने परक्या पुरुषासमोर कधी उभे राहू नये अशी रीत, ती सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी बोलू लागली. पैसा, अधेली, रुपया, कोणी पायली दोन पायली तांदूळ. अशा थेंबाथेंबाने त्यांनी आश्रमाला हजारो रुपये मिळवून दिले.

मला येथे एक विचार सुचतो. पुनर्विवाह केलेल्या बायांना ज्या सनातनी घरांची दारे बंद होती, ती पार्वतीबाईंना उघडली असावीत. त्यांचा वेष जुना, आचार जुना, बोलणे साधे. माजघरातल्या बाईला त्या आपल्यातल्याच वाटल्या असतील. 'ही तर आमच्या आत्येसारखीच,' असे म्हणत तिने डब्यातला रुपया काढला असेल. थोरल्या बहिणीने धीट पाऊल टाकून वाट पाडली आणि धाकटीने त्या वाटेवर जुन्या लोकांनाही आणून उभे केले. दोघी बहिणींच्या मार्गांत भेद होता, पण दोघींत दुरावा आला नाही. एका घरात दोन मतांच्या बायका राहू शकतात आणि एकाच कामाला लागू शकतात, हा धडा आपल्या मंडळालाही उपयोगी पडण्याजोगा आहे.

पुढे १९१२ च्या सुमारास पार्वतीबाईंनी स्वतः विचार करून केशवपन थांबविले. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस. कोणी जबरदस्ती केली नव्हती, कोणाच्या व्याख्यानाने भारून जाऊनही नव्हे. बावीस वर्षे जी गोष्ट धर्म म्हणून सोसली तिचा त्यांनी शांतपणे विचार केला आणि ती धर्म नव्हे असे ठरविले. लोक बोलले. बोलणारच. बावीस वर्षे गप्प बसलेली बाई डोक्यावर केस राखते, याचा लोकांना जितका राग येतो तितका पुरुषांच्या सुधारणेच्या भाषणाचा येत नाही.

आणि मग ती अमेरिकेची गोष्ट.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. कामाचा व्याप वाढला. पार्वतीबाईंना एक उणीव सारखी टोचत होती, ती इंग्रजीची. हिंगण्यास राहून ते साधेना, कारण हाताशी शंभर कामे. तेव्हा १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकावयास आणि तिकडच्या स्त्रियांच्या संस्था पाहावयास अमेरिकेस निघाल्या. युद्ध अजून संपले नव्हते. इंग्रजी येत नाही, पैसा जवळ बेताचा, अंगावर पातळ, आहार शाकाहारी. देवरुखच्या जोश्यांची लेक साता समुद्रांपलीकडे गेली, ती एकटी!

तेथे पोट भरण्यासाठी त्यांनी काय केले? लोकांच्या घरी घरकाम केले. भांडी घासली, केर काढले, स्वयंपाकघरात राबल्या. हे पुष्कळांना लाजिरवाणे वाटेल. कीर्तीच्या पदावर चढलेल्या बाईने परदेशात मोलकरीण व्हावे! पण मी जेव्हा जेव्हा हे आठवते तेव्हा मला आमची आत्या दिसते. तीही हेच काम करीत होती. भांडी, केर, चूल, पाणी, बाळंतपणे. साठ वर्षे केले. त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही, कारण ते काम आहे असेच कोणाला वाटले नाही. 'आम्ही तिला सांभाळतो,' असे घरातले म्हणत. कोण कोणाला सांभाळीत होते? पार्वतीबाईंनी तेच काम परमुलखात केले तेव्हा त्याचे दाम हातावर पडले. त्या दामावर त्या शिकल्या आणि १९२० साली परत येऊन पुन्हा हिंगण्याच्या कामाला लागल्या. हात तेच आणि राबणेही तेच. पण एका ठिकाणी त्याला उपकाराची भाकर म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी कमाई. फरक कामात नाही, तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे.

त्याच १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. ही देणगी प्रसिद्ध आहे आणि ती असावीच. पण तिच्याआधी वीस वर्षे पैसा-अधेलीने संस्था तगवून धरणारे हात होते, म्हणून पंधरा लाख घेण्यास ती उभी राहिली होती.

पार्वतीबाईंनी आपले आयुष्य 'माझी कहाणी' या पुस्तकात १९२८ साली सांगितले. दोनच वर्षांनी जस्टिन ॲबट या, आपल्या संतकवींची इंग्रजीत भाषांतरे करणाऱ्या गृहस्थांनी त्याचे इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कहून प्रसिद्ध केले. ज्या शहरांतून इंग्रजीचे धडे शोधीत ही बाई हिंडली, त्याच देशात तिची कहाणी इंग्रजीत छापली गेली. थोरल्या बहिणीनेही १९४४ साली 'माझे पुराण' लिहिले. कृष्णा आणि गोदू, देवरुखच्या एकाच घरच्या दोन लेकी, दोघींनी आपापली आत्मचरित्रे मागे ठेवली आहेत. बाया १९५० साली गेल्या, पार्वतीबाई १९५५ साली. तेव्हा त्यांचे वय पंचाऐंशी होते.

त्या जाण्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ साली, आपल्या देवरुखात इंदिराबाई हळबे यांनी दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. त्याचेच पुढे मातृमंदिर झाले. इंदिराबाईंना सारा तालुका काय म्हणे, हे मी सांगावयास नकोच. मावशी. १९९८ साली त्या गेल्या तरी 'हळबे मावशी' हेच नाव तोंडी राहिले आहे. एका मावशीने देवरुखातून बाहेर जाऊन काम उभे केले; दुसरीने देवरुखातच. या गावाला मावश्यांचे देणे फार मोठे आहे.

आता हे सारे सांगावयाचे कारण. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही साऱ्या ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. वर्तमानपत्रांतून आपण वाचले, बरे वाटले. परंतु आपल्या मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला अजून काही भगिनी येत नाहीत. त्या आपल्या मंडळाच्या सभासद आहेत, वर्गणी भरतात, सहलीचा हिशेब ठेवतात, कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे येऊन डाळसुद्धा वाटून देतात. आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांना या नका असे कोणी म्हणत नाही. म्हणावे लागतच नाही.

माझी सर्व भगिनींना नम्र विनंती आहे की, येत्या चैत्रापासून आमंत्रणाच्या पत्रिकेवर 'सौभाग्यवती' या शब्दाच्या जागी 'सर्व सभासद भगिनी' असे छापावे आणि ज्या येत नाहीत त्यांच्या घरी आपण दोघीतिघींनी समक्ष जाऊन बोलावणे करावे. पत्रिका पाठवून भागावयाचे नाही, कारण इतक्या वर्षांची सवय पत्रिकेने मोडत नाही. कुंकू लावून घ्यावयाचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनावर सोडावे. पार्वतीबाईंनीही आपले आपण ठरविले होते. पण डाळ आणि पन्हे मात्र पुढल्या दारी, सगळ्यांच्या पंगतीत बसून घ्यावे.

हा विषय कार्यकारिणीच्या येत्या सभेत मी मांडणार आहे. कोणास वेगळे वाटत असेल तर त्यांनी तेथे अवश्य बोलावे. मतभेद ठेवूनही एकत्र काम करता येते हे आपल्याच गावच्या दोन बहिणींनी दाखविले आहे. मंडळास वर्धापनदिनाच्या शुभेच्छा.